दोन कड्या आणि एक जाड दोरी

मित्रांनो, मी एक जुनं कोडं आहे आणि सध्या माझं डोकं फिरलेलं आहे. कोड्याला डोकं कुठून आलं, असं विचारू नका. इतकी वर्षं इतक्या लोकांनी माझ्यापायी डोकं खाजवलं, त्यातलं थोडंफार माझ्या वाट्याला आलं असेल. राग कशाचा ते सांगतो, पण सुरुवातीपासून सांगतो. नाहीतर तुम्हीही बाकीच्यांसारखं अर्धवट ऐकून मान हलवाल.

मी कागदावरचं कोडं नव्हे. मी वीतभर लांबीची एक लाकडी पट्टी आहे. मला तीन भोकं आहेत, दोन टोकांना दोन आणि मध्ये एक. टोकांच्या भोकांत एका दोरीची दोन टोकं गाठ मारून अडकवलेली आणि त्याच दोरीचा मधला भाग मधल्या भोकात फास करून ओवलेला. त्यामुळे माझ्याखाली दोरीचे दोन झोके लोंबतात. एका झोक्यात एक पितळी कडी, दुसऱ्यात दुसरी. दोन्ही कड्या एकाच झोक्यात आणायच्या, एवढंच काम. गाठ सोडायची नाही, दोरी कापायची नाही. कडी भोकापेक्षा मोठी आहे, त्यामुळे ती सरळ भोकातून जायची सोय नाही.

बघणाऱ्याला वाटतं, हे होणंच शक्य नाही. पण होतं. मी सुटतो, मित्रांनो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे सगळा घोळ या एकाच गोष्टीवरून झाला. फास सैल करून ओढला की दोरीचे चार पदर मधल्या भोकातून एकदम पुढे येतात. त्या पदरांमधून कडी सरकवायची आणि पदर परत मागे ओढायचे. कडी पलीकडे गेलेली असते. म्हणजे माझा सगळा जीव त्या मधल्या भोकात आहे. चार पदर त्यातून गेले तर मी कोडं. नाही गेले तर मी नुसती दोरी बांधलेली पट्टी, पडदा अडकवायच्याही कामाची नाही.

मला बनवलं भाऊंनी. भाऊंचं फोटोफ्रेमचं दुकान होतं. त्यांना सगळेच भाऊ म्हणत, गिऱ्हाइकं म्हणत, शेजारच्या दुकानातला काचवाला म्हणे, आणि त्यांची स्वतःची मुलगी आणि मुलगाही भाऊच म्हणत. दुकान अरुंद आणि लांबलचक. भिंतीवर चौकटींचे नमुन्याचे कोपरे टांगलेले, टेबलाखाली भुसा, एका बाजूला गोधडीत गुंडाळून उभ्या करून ठेवलेल्या काचा आणि सगळीकडे सरसाचा वास. लग्नाचे फोटो, पदवीची प्रमाणपत्रं, कुणाच्या मुलाने काढलेलं पहिलं चित्र, असं काय काय चौकटीत बसायला यायचं.

मोठी माणसं चौकट पसंत करण्यात अर्धा तास घालवत आणि तेवढ्या वेळात त्यांची पोरं काचांकडे सरकत. एकदा एका चिमुरडीने बोट कापून घेतलं. रक्त थेंबभर आणि रडणं गल्लीभर. त्या दिवसानंतर भाऊंनी ठरवलं की या पोरांच्या हातांना काहीतरी काम द्यायचं. पट्ट्या कापल्या की टोकाचे तुकडे उरतातच. त्या तुकड्यांतून भाऊंनी कोडी करायला सुरुवात केली. तिरकी धरल्याशिवाय न उघडणारी एक डबी झाली. सरळ धरलं तरी जिना आणि उलटं धरलं तरी जिनाच, असं एक चित्र झालं. आणि मग मी झालो.

माझ्यावर भाऊंनी फार मेहनत घेतली, हे मी अभिमानाने सांगतो. मधलं भोक आधी बारीक पडलं. दोरीचे दोन पदर गेले, तिसरा अडकला. भाऊंनी गिरमिटाची सगळी पाती टेबलावर मांडली आणि एकेक लावून बघितलं. शेवटी एक पातं अगदी बरोबर निघालं. चार पदर जातील, पण जरा विचार केल्याशिवाय जाणार नाहीत, असं भोक त्याने पडलं. भाऊ इतके खूश झाले, की त्यांनी त्या पात्याच्या दांड्यावर लाल रंगाचा ठिपका दिला, म्हणजे ते इतर पात्यांत हरवायला नको. मग चौकटी टांगायच्या बारीक दोऱ्याला मेणबत्ती घासली आणि मला ओवलं. कड्या होत्या त्या चौकटीच्या मागे लावायच्याच.

माझी पाठही रिकामी ठेवली नाही त्यांनी. पाठीवर शाईने दोन रेघा काढल्या. एका रेघेच्या टोकांचे बाण आत वळलेले, दुसरीचे बाहेर. दोन्ही रेघांची लांबी तंतोतंत सारखी. पण बघणाऱ्याला एक लांब आणि एक आखूड दिसणार म्हणजे दिसणारच. लोक पैजा लावत. नवरा-बायकोत वाद होत. भाऊ काहीच बोलत नसत, फक्त मोजपट्टी पुढे करत आणि म्हणत, "मोजा, मग बोला." हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. कुणी म्हणालं चौकट वाकडी झालीय, तरी तेच. बहुतेक वेळा चौकट सरळ असायची आणि गिऱ्हाइकाच्या घरची भिंत वाकडी निघायची.

माझी उमेदीची वर्षं त्या टेबलावर गेली. किती हातांतून गेलो, काय सांगू! एक वकीलबाई आल्या होत्या. त्यांनी माझ्याशी झटापट केली आणि मग भाऊंशीच वाद घातला, की दोरी कापायची नाही हे आधी स्पष्ट सांगितलं नव्हतं, सबब कापायला हरकत नसावी. एका शिंपिणीने मला घरी नेलं आणि चार दिवसांनी न सोडवताच परत आणून आपटलं. म्हणाली, माझा भात करपला याच्यापायी. आणि एक न्हावी होता. तो आपल्या मेहुण्याच्या तक्रारी सांगत बसला होता आणि बोलता बोलता मी कधी सुटलो ते त्याला कळलंही नाही. मला खाली ठेवून तो मेहुण्याबद्दलच बोलत राहिला. असा माणूस मला आवडतो.

बाकीच्यांचा मात्र मला संताप यायचा. ओढतात काय, हिसडतात काय, दातांत धरतात काय! आणि जमलं नाही की सगळ्यांचं एकच म्हणणं, "याच्यातच काहीतरी चूक आहे." अहो, माझ्यात चूक? ज्याच्या एका भोकासाठी सगळी पाती पालथी घातली, त्याच्यात? पण कोड्याला तोंड दिलेलं नसतं. मी गप्प बसायचो आणि आतल्या आत धुमसायचो.

घरच्यांचंही सांगतो. भाऊंचा मुलगा लहानपणी एकदाच माझ्याजवळ आला. सोडवलं तर काय मिळतं, असं त्याने विचारलं. भाऊ म्हणाले, काही नाही. मग तो चेंडू घेऊन पळाला. मुलगी चिकाटीची. ती टेबलाखाली मला घेऊन बसायची. पण एका दुपारी तिचा धीर सुटला. तिने इकडेतिकडे बघितलं, टोकाची गाठ सोडली, कडी काढून दुसऱ्या झोक्यात घातली आणि गाठ परत मारली. गाठ कसली, वेणीच्या रिबिनीची गाठ, शेपूट आत खोचलेली. आणि वर धावत जाऊन भाऊंना दाखवलं. भाऊंनी मला उलटंपालटं करून बघितलं, तिची पाठ थोपटली आणि तिला एक नवी पेन्सिल दिली. मला असा राग आला होता! फसवणूक होती ती. पण पोरीचा चेहरा इतका फुलला होता, की मी तरी किती वेळ रागावणार.

वर्षं गेली. लोकांना तयार चौकटी स्वस्तात मिळू लागल्या आणि फोटो तर फोनमध्येच राहू लागले. दुकानात येणारी पोरंही आता आईबापांच्या फोनमध्ये तोंड घालून बसत. मला कुणीतरी पुठ्ठ्यांच्या गठ्ठ्यामागे खिळ्याला टांगलं आणि विसरून गेलं. माझी दोरी कुजली आणि एक दिवस ती तुटून मी कड्यांसकट खाली पडलो. एवढं होऊनही कुणाला पत्ता नाही. धुळीत बसून मी काय काय बोललो असेन ते इथे सांगण्यासारखं नाही.

मग भाऊ आजारी पडले. पट्टी कापता कापताच त्यांचा उजवा हात गळाला आणि तोंडातून शब्द फुटेना. काचवाल्याने पाहिलं म्हणून वेळेवर दवाखान्यात नेलं. मेंदूला रक्त कमी पडलं होतं म्हणे. थोडक्यात निभावलं. घरी आले, मुलाच्या घरी, तेव्हा चालत होते, बोलत होते, पण उजवा हात सावकाश चाले आणि कधीकधी एका शब्दाच्या जागी दुसराच येई. कात्री मागायची तर काच म्हणत. मग स्वतःच चिडत.

दुकानाची किल्ली मुलाने आपल्याकडे ठेवली. भाऊ रोज सकाळी चहा झाला की किल्ली मागत आणि मुलगा रोज काहीतरी निमित्त काढून ती देत नसे. आज पाऊस वाटतोय, आज सुट्टी आहे, आज मला वेळ नाही. मुलगा काही वाईट नव्हता, मित्रांनो. घाबरला होता. तिथे करवत आहे, गिरमिट आहे, काचा आहेत, आणि भाऊंचा हात असा. त्याला तेवढंच दिसत होतं. भाऊंना मात्र दिसत होतं की आपण दिवसभर खुर्चीत बसून दुसऱ्याच्या घराचं छत बघतोय. ते छत फारसं बघण्यासारखंही नव्हतं.

भाऊंच्या मुलीने या सगळ्यात आपल्या परीने चांगलं करायचं ठरवलं. आणि इथून माझी दुर्दशा सुरू झाली.

ती दुकानात गेली, खिळ्याखालची धूळ झटकली आणि मी तिला सापडलो. किती आनंद झाला तिला! मलाही झाला, खोटं कशाला बोलू. तिने मला घरी नेलं, पुसलं, घासलं आणि रंगवलं. मागून पुढून सगळीकडे निळा चकचकीत रंग. पाठीवरच्या माझ्या दोन्ही रेघा रंगाखाली गेल्या. बरं, तेही मी सोसलं असतं. पण दोरी! पडद्याला लावायची गोंड्याची दोरी असते ना, पिवळी, रेशमी, गुबगुबीत, ती तिने आणली. दुकानाच्या एका जुन्या फोटोत मी टेबलावर दिसत होतो, त्यात कसा ओवला होता ते बघून तिने मला अगदी तसंच ओवलं. फास बरोबर, गाठी बरोबर, कड्या बरोबर. फक्त दोरी जाड. दोन पदर कसेबसे भोकात बसले. चार पदर जायची सोयच राहिली नाही.

मी ओरडत होतो. अगं बाई, एकदा सोडवून तरी बघ! पण ती कशाला सोडवून बघेल? तिला मी कधी सुटलोच नव्हतो. तिला फक्त गाठ सोडता येत होती. तिने मला रंगीत कागदात गुंडाळलं आणि भावाच्या घरी घेऊन गेली.

भाऊंनी मला हातात घेतलं आणि त्यांचे डोळे भरून आले. दोरी किती सुंदर आहे, असं ते पुन्हा पुन्हा म्हणाले. मुलगा बघत होता. त्याच्या मनात काय आलं कुणास ठाऊक, तो म्हणाला, "भाऊ, असं करू. हे तुमचंच आहे. हे सोडवून दाखवा, दुकानाची किल्ली तुमची. मी परत एक शब्द बोलणार नाही."

भाऊ हसले. "एवढंच ना?" म्हणाले.

त्यांची बोटं सावकाश चालली, पण एकही चूक केली नाही त्यांनी, मी सांगतो ना. फास सैल केला. मागून पदर धरले. ओढले. दोन पदर हलले आणि बाकीचे भोकाच्या तोंडाशी बसले. भाऊंनी जरा वेळ थांबून पुन्हा ओढलं. दोरी तसूभरही हलली नाही. हात अजून बसला नाही, असं म्हणत ते पुन्हा हसले, पण या वेळी जरा कमी.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. ते डाव्या हाताने करून बघत, उलटं धरून बघत, खिडकीपाशी उजेडात नेऊन बघत. आणि घरातली सगळी माणसं काय बघत होती? माझ्याकडे नाही. त्यांच्या सावकाश चालणाऱ्या हाताकडे बघत होती. मुलाने बहिणीकडे बघितलं की ती मान खाली घाली. शेजारपाजारचं कुणी आलं की मुलगा हलक्या आवाजात सांगे, की स्वतः केलेलं कोडं आहे, आता सोडवता येत नाही. मग आलेला माणूस "अरेरे" म्हणे आणि चहा पिऊन जाई.

आजवर जो तो म्हणायचा, याच्यातच काहीतरी चूक आहे. तेव्हा माझ्यात काही चूक नव्हती. आता खरोखर चूक होती, आणि आता एकालाही तसं वाटेना! सगळ्यांनी चूक भाऊंच्या डोक्यात शोधली. आणि सर्वांत वाईट म्हणजे स्वतः भाऊंनीही तिथेच शोधली. ज्यांनी आयुष्यभर लोकांपुढे मोजपट्टी धरली, त्यांनी एकदाही मोजलं नाही. लेकीने प्रेमाने बांधलेल्या दोरीवर संशय घ्यायचं त्यांच्या मनातही आलं नाही. मला इतकं असह्य झालं होतं, की एखाद्याने मला चुलीत घातलं असतं तरी चाललं असतं.

एका सकाळी भाऊंनी चहा घेतला आणि किल्ली मागितलीच नाही. मुलाने विचारलं, काय झालं. भाऊ म्हणाले, "दुकान देऊन टाक काचवाल्याला. तो कधीचा मागतोय. माझं काहीतरी गेलंय." आणि ते खिडकीकडे तोंड करून बसले. मुलाला हेच हवं होतं ना? पण त्याचाही घास तोंडातच राहिला.

रविवारी सगळे दुकानात गेले. काय ठेवायचं, काय काचवाल्याला द्यायचं ते भाऊच सांगणार होते. मुलीने मला पिशवीत घालून बरोबर नेलं, भाऊंना करमावं म्हणून. भाऊ स्टुलावर बसले. मुलगा एकेक हत्यार काढून दाखवी आणि भाऊ मान हलवत. करवत देऊन टाक. शिकंजा देऊन टाक. ही हातोडी राहू दे, नको, तीही दे. काचवाला दारात उभा होता. चांगला माणूस, पण त्या दिवशी त्याला पाय कुठे ठेवावा ते कळत नव्हतं.

मग पात्यांचा डबा निघाला. भाऊंनी झाकण उघडलं आणि लाल ठिपक्याचं पातं दिसलं. ते त्यांनी डाव्या हाताने उचललं. मुलीने मला पिशवीतून काढून टेबलावर ठेवलं होतं. भाऊंनी काही विचार न करता, नुसत्या सवयीने, ते पातं मधल्या भोकात दोरीच्या बाजूने घालायला घेतलं. दोरीने जागाच ठेवली नव्हती. त्यांनी टोकाची गाठ सोडून दोरी बाजूला केली आणि पुन्हा घातलं. पातं अलगद आत गेलं. अगदी बेताचं, पूर्वीसारखंच.

भाऊ थांबले. त्यांनी पातं काढलं, परत घातलं. भोक तेच होतं. मग त्यांनी ती पिवळी दोरी दोन बोटांत धरली आणि बराच वेळ चोळत बसले. तिचे चार पदर एकत्र धरले आणि पात्याशेजारी ठेवून बघितले. पदरांचा गठ्ठा पात्यापेक्षा चांगला जाड होता. भाऊंनी टेबलावरची मोजपट्टी ओढली. आधी पातं मोजलं, मग गठ्ठा मोजला. त्यांचे ओठ हलले. मोठ्याने नाही बोलले, पण मी अगदी जवळ होतो. "मोज, मग बोल," असं ते स्वतःलाच म्हणाले.

मला वाटलं, आता ते सगळ्यांना हाक मारून सांगतील. पण भाऊ मुरलेले. ती जाड दोरी त्यांनी डाव्या हाताने होती तशी परत ओवली, गाठ मारली आणि मुलाला जवळ बोलावलं.

"हे सोडव," म्हणाले.

मुलगा म्हणाला, आत्ता कुठे भाऊ, किती काम पडलंय. भाऊ म्हणाले, आत्ताच. मुलगा बसला. पहिल्यांदा त्याने हसत हसत ओढलं. मग घड्याळ काढून ठेवलं. मग बाह्या वर केल्या. काचवाला दारातून आत आला आणि त्याने दोन सूचना केल्या, दोन्ही निरुपयोगी. मुलाच्या कपाळावर घाम आला. फास सैल कर, असं भाऊ सांगत होते. मागचे पदर ओढ, असंही सांगत होते. पायरीपायरीने सगळं बरोबर सांगत होते, आणि सांगताना त्यांचा एक शब्दही चुकत नव्हता. मुलाने सगळं बरोबर केलं. शेवटी त्याने मला टेबलावर टाकलं.

"नाही सुटत, भाऊ."

"बरं. गाडीची किल्ली दे."

"काय?"

"तुझ्या गाडीची किल्ली. ठेव इथे." भाऊ सावकाश बोलत होते, पण प्रत्येक शब्द जागच्या जागी होता. "तुला हे सुटत नाही. मग तू गाडी कशी चालवणार? रस्त्यावर माणसं असतात."

काचवाल्याने उगाच भिंतीवरचा एक कोपरा सरळ केला. मग भाऊंनी गाठ सोडून दोरी काढायला लावली, पातं उचलून मुलाच्या हातात दिलं आणि भोकात घालून बघायला लावलं. मग दोरीचे चार पदर त्याच्या हातात दिले. तेही घालून बघायला लावले. मुलाने घालून बघितले. पुन्हा बघितले. त्याच्या चेहऱ्याचा रंग उतरला.

मुलगी आधी ओळखून चुकली होती. "ही दोरी मी बांधली," ती कशीबशी म्हणाली. "भाऊ, इतके दिवस तुम्ही... माझ्यामुळे..."

"दोरी सुंदरच आहे," भाऊ म्हणाले. "पडद्याला लाव."

ती रडता रडता हसली. मग भाऊंनी खालचा खण उघडायला लावला. चौकटी टांगायच्या बारीक दोऱ्याचं रीळ अजून तिथेच होतं. इतका बारीक दोरा ओवणं त्यांच्या हाताला जमेना, म्हणून मुलीने ओवला आणि टोकांना गाठी मारल्या. भाऊ तिच्या हातांकडे बघत होते. म्हणाले, "शेपूट आत खोचायची सवय गेली नाही अजून."

तिचे हात थांबले. तिने विचारलं, तुम्हाला तेव्हाच कळलं होतं? भाऊ म्हणाले, गाठ बघितल्याबरोबर. मग पेन्सिल का दिली, असं तिने विचारलं, तर म्हणाले, गाठ चांगली मारली होतीस. मी इतकी वर्षं मनात ठेवलेला राग असा एका वाक्यात निकालात निघाला. जरा हिरमुसलोच मी.

मग भाऊंनी मला हातात घेतलं. सांगायला हरकत नाही, मी घाबरलो होतो. दोरा बारीक होता, पण हात खरोखरच सावकाश चालत होता. एकदा मी त्यांच्या हातून निसटून टेबलावर पडलो. मुलगा पुढे झाला, तशी मुलीने त्याला मागे ओढलं. भाऊंनी मला पुन्हा उचललं. फास सैल केला, पदर ओढले, आणि कित्येक वर्षांनी माझ्या मधल्या भोकातून चार पदर सुळकन पुढे आले. कडी त्यातून सरकली, पदर मागे गेले. दोन्ही कड्या एका झोक्यात आल्या आणि एकमेकींवर आपटून वाजल्या. तो एवढासा आवाज मी किती दिवस आतल्या आत दाबून धरला होता, ते माझं मला माहीत.

मुलाने खिशातून दुकानाची किल्ली काढली आणि भाऊंच्या पुढे ठेवली. भाऊंनी त्याची गाडीची किल्ली, जी त्याने खरोखरच टेबलावर ठेवली होती, त्याच्याकडे सरकवली. काचवाला म्हणाला, काच मी कापून देत जाईन भाऊ, तुम्ही कोपरे जुळवा. भाऊ जरा विचार करून हो म्हणाले. हात सावकाश आहे हे त्यांना का माहीत नव्हतं? तेवढं त्यांना मान्य होतं. डोकं गेलं, एवढंच मान्य नव्हतं.

तर मित्रांनो, अशी ही माझी कहाणी. आता मी पुन्हा दुकानाच्या टेबलावर असतो. मुलीने पाठीवरचा निळा रंग खरवडून काढला. तो नीट निघाला नाही, पण दोन्ही रेघा दिसतात आणि त्यांच्यावरून पुन्हा भांडणं होतात. माझा राग मात्र अजून पुरता उतरलेला नाही. भाऊ खिडकीकडे तोंड करून बसले होते ती सकाळ आठवली की परत चढतो. म्हणून तुम्हाला कळकळीने सांगतो. आमच्यासारख्या जुन्या वस्तूंना रंग द्या, नका देऊ, तुमची मर्जी. पण दुरुस्त केलं की एकदा चालवून बघत जा. आणि एखाद्या म्हाताऱ्या माणसाला काही जमेनासं झालं, तर त्याच्या हाताकडे बघत बसण्याआधी दोरीकडे बघा. मोजा, मग बोला.

भाऊंचा मुलगा आता दर रविवारी दुकानात येतो. आल्या आल्या मला हातात घेतो आणि तासन् तास बसतो. दोरा बारीक आहे, त्याला मेण लावलेलं आहे, माझ्यात काडीचीही चूक नाही. तरी त्याला मी अजून एकदाही सुटलेलो नाही. संध्याकाळ झाली की तो मला खाली ठेवतो, गाडीची किल्ली उचलतो आणि खुशाल गाडी चालवत घरी जातो. त्याला कुणी अडवत नाही.